घड्याळ, ॲप, सेन्सर : चालणं मोजणारी साधनं कितपत खरी, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

वाळूजवाला

"आमचं ॲप चालीचं विश्लेषण ९८ टक्के अचूक करतं," असं एक विक्रेता परवा घरी येऊन सांगून गेला. मी विचारलं, ९८ टक्के कशाचे? पावलांच्या संख्येचे, वेगाचे, की पावलाच्या लांबीचे? कोणत्या मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या मापाशी, ताडून पाहिलंत? कोणाच्या पायांवर? गडी चहा पिऊन निघाला. म्हणून हा धागा.

मी वाळूज एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची साधनं तपासायच्या कामात आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, दिवसभर हेच. वडील सत्तरी ओलांडलेले, त्यांना पार्किन्सन आहे. डॉक्टर दर खेपेला विचारतात, चालण्यात काही फरक? आणि आम्ही घरचे एकमेकांची तोंडं बघतो. आई म्हणते बरं आहे, भाऊ म्हणतो जरा मंदावलेत. मला आकडा हवाय. पण आकडा देणारं साधन आधी तपासायचं, ही खोड धंद्याने लावलीय.

आतापर्यंत कळलं ते मांडतो, चुकत असेल तिथे टोका.

चालण्याचा वेग हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा आकडा. २०११ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ३४ हजारांहून जास्त वृद्धांची माहिती एकत्र करून वेगाचा आणि पुढच्या आयुष्याचा संबंध दाखवला गेला. स्नायूंची झीज किती गंभीर हे ठरवताना युरोपातला तज्ज्ञगट सेकंदाला ०.८ मीटर ही रेघ धरतो. आशियातल्या गटाने २०१९ मध्ये ती १ मीटरवर नेली. आणि वृद्धांच्या वेगात ०.०५ मीटरचा फरक पडला तर तो लहान पण खरा, ०.१ चा पडला तर ठळक, असं साधारण मानतात.

म्हणजे मला ०.०५ पकडायचंय. आता स्टॉपवॉच घ्या. अंतर ४ मीटर, माणूस ०.८ ने चालतोय, म्हणजे ५ सेकंद. बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की वेग ०.७७ तरी येतो नाहीतर ०.८३. रेघेच्या अलीकडचा माणूस पलीकडे गेला, आणि ०.०५ चा फरक तर अंगठ्यातच बुडाला. अंतर १० मीटर केलं की तीच चूक ०.७९ ते ०.८१ वर येते. घड्याळ तेच, अंगठा तोच, नुसती फरशी लांब केली.

आमच्याकडे गेज आर अँड आर नावाची पद्धत आहे. बहुधा दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक नग दोनतीनदा मोजायचा. एकूण फरकातला साधनाचा आणि मोजणाऱ्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगलं, ३० च्या वर गेला तर बाद. वडिलांवर हीच पद्धत लावायला बसलो आणि अडलो. शाफ्टचा व्यास सकाळी आणि दुपारी तोच असतो. माणूस दोनदा सारखा चालतच नाही. मग साधनाची चूक कुठली आणि माणसाचा फरक कुठला, हे वेगळं कसं काढायचं? आणि घरी मास्टर म्हणून धरायचं काय?

मांजराकाठ

दादा, मी लातूरला फिजिओथेरपी करते. वेगळं काढायचा मार्ग एकच : सगळी साधनं एकाच चालण्यावर, एकाच वेळी. घड्याळ हातात, फोन कमरेला, बाजूने व्हिडिओ चालू. मग माणूस कसाही चालू दे, त्या एका चालीबद्दल तिन्ही काय म्हणतात एवढंच बघायचं. आज घड्याळ आणि उद्या व्हिडिओ असं केलंत की सगळा काला होतो.

मास्टरचं म्हणाल तर लॅबमधला मास्टर म्हणजे कातडीवर चिकटवलेले चमकते गोळे, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे आणि फरशीत बसवलेल्या, पायाचा जोर मोजणाऱ्या पाट्या. विकॉन, क्वालिसिस ही त्यातली जुनी नावं. दाबाचे सेन्सर असलेली गेटराईटसारखी चटईही असते, ती पावलांची वेळ आणि लांबी छान देते. पण मास्टर म्हणजे देव नव्हे. गोळ्याची जागा जवळजवळ मिलिमीटरपर्यंत सापडते खरी, मात्र गोळा कातडीवर असतो, हाडावर नाही. पाऊल आपटलं की मांडीचं मांस हलतं, त्याबरोबर गोळाही. त्यामुळे वेग आणि पावलाची लांबी डोळे झाकून घ्या, मांडीच्या हाडाचा पीळ सांगितला तर डोळे उघडा.

शिकत असताना अशा लॅबमध्ये काम केलंय. एका आजींच्या पैंजणांनी आणि जोडव्यांनी संगणकाला वेड लावलं होतं. चमकणारं काहीही दिसलं की कॅमेऱ्याला तो गोळाच वाटतो, पडद्यावर पायाशी भुतासारखे ठिपके नाचत होते. पैंजण काढले, जोडवी काढायला आजी काही तयार होईनात. शेवटी जोडव्यांवर ड्रेसिंगची पांढरी कागदी पट्टी चिकटवली तेव्हा भुतं गेली.

घरी असं करा. सपाट जागेवर १० मीटर मोजा, मधल्या ६ मीटरवर दोन रेघा मारा. आधीचे दोन मीटर वेग घ्यायला, शेवटचे दोन थांबायला, ते मोजायचे नाहीत. वळण मोजायचं नाही. पार्किन्सनमध्ये गोळी घेतल्यावर किती वेळाने चालवलं याला फार महत्त्व आहे, दर वेळी तेच अंतर ठेवा, नाहीतर तुम्ही औषध मोजाल. आणि फरशीवर रांगोळी किंवा पीठ पसरून पावलं उमटवायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. व्हिडिओत ते फार दिसतं, पण म्हातारी माणसं घसरतात.

निवृत्त_मोजणीदार

३१ वर्षं भूमी अभिलेखात काढली, साखळीपासून ईटीएसपर्यंत (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) सगळं हाताळलं. तुम्ही सेकंदाच्या दशांशावर भांडताय, पण ते १० मीटर कशाने मोजले हे एकाने सांगितलं नाही. शिंप्याच्या टेपने? ती ताणली की वाढते. फरशा मोजून? शहाबादी दोन बाय दोन म्हणून मिळते, पण काठ घासताना ती कमी होते आणि सांध्यात सिमेंट भरलं की वाढते, दहा फरशांना कुठे जाऊन पोचाल सांगता येत नाही.

पोलादी टेप घ्या. जमिनीला टेकवून ताणा, झोळ पडू देऊ नका. आणि कुणी हुशार उन्हाने टेप वाढते म्हणेल तर त्याला सांगा, २० अंश तापमान वाढलं तरी १० मीटरला सव्वादोन मिलिमीटर. सोडून द्या.

बाकी आमच्या आजोबांच्या काळी चालायचे, मोजायचे नाहीत, हे पण नोंदवून ठेवतो.

वाळूजवाला

@निवृत्त_मोजणीदार, काका, पोलादी टेपच आहे, तीही तपासलेली. धंदाच तो.

@मांजराकाठ, ताई, एकाच वेळी सगळं लावायचं हे डोक्यात बसलं. व्हिडिओलाच मास्टर धरला तर? साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. वेगासाठी चालून जाईल. पण दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात तो काळ एका खेपेला साधारण १०० मिलिसेकंदच असतो ना? तिथे एक चित्र हुकलं की एक तृतीयांश चूक. म्हणून स्लो मोशन, २४० चित्रांचा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. फोन नेहमीच्या व्हिडिओत चित्रांचा वेग आपल्या मनाने कमीजास्त करतात, अंधुक उजेडात तर हमखास. ३० लिहिलंय म्हणून ३० धरू नका. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावून त्याचाच व्हिडिओ घ्या आणि दहा सेकंदांत खरी किती चित्रं आली ते मोजा.

दख्खनी_डेटा

मूळचा नांदेडचा, पोटापाण्याला पुण्यात, काम संख्याशास्त्राचं. वाळूजवाल्यांच्या विक्रेत्याने ९८ टक्क्यांचा कागद दाखवला असता तर त्यावर बहुधा सहसंबंध असता. कोरिलेशन ०.९८, झालं ९८ टक्के अचूक! या लबाडीवर थोडं लांब लिहितो.

समजा चार माणसांचा खरा वेग ०.६, ०.८, १.० आणि १.२. साधन दाखवतं ०.७, ०.९, १.१ आणि १.३. सहसंबंध पूर्ण १. आलेख काढा, ठिपके सरळ रेषेत. पण साधन प्रत्येकाला ०.१ ने जास्त दाखवतंय आणि ०.७५ ने चालणारा आजारी माणूस ०.८५ ने चालणारा ठणठणीत ठरतोय. सहसंबंध सांगतो की दोन आकडे एकत्र वरखाली होतात. ते एकच आहेत असं तो सांगत नाही.

ब्लँड आणि आल्टमन या दोघांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं आणि साधा उपाय दिला. प्रत्येक चालीसाठी दोन साधनांच्या आकड्यांची वजाबाकी करा. वजाबाक्यांची सरासरी म्हणजे साधनाचा कायमचा कल. वजाबाक्या त्या सरासरीभोवती किती पसरल्यात ते प्रमाण विचलन काढा, त्याला १.९६ ने गुणा, सरासरीच्या वर आणि खाली एकेक रेघ मारा. साधारण ९५ टक्के वेळा दोन साधनांतला फरक या दोन रेघांमध्ये राहील. ती पट्टी तुम्हाला परवडते का, हे संख्याशास्त्र सांगणार नाही, फिजिओताई सांगतील.

कल म्हणजे तराजूचा पासंग. किती आहे ते एकदा कळलं की वजा करून टाकता येतो. पसारा वजा करता येत नाही.

दुसरी लबाडी विश्वासार्हतेच्या आकड्याची, आयसीसी म्हणतात त्याला. ०.९ च्या वर गेला की 'उत्कृष्ट' असा शिक्का मारायची पद्धत आहे. आता हिशेब करा. गटातल्या माणसांच्या वेगाचं प्रमाण विचलन ०.२, आयसीसी ०.९०. मोजमापाची प्रमाण चूक येते ०.२ गुणिले ०.१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०६३. एका माणसाच्या दोन भेटींतला फरक खरा म्हणायला तो याच्या २.७७ पट हवा, म्हणजे ०.१७५. 'उत्कृष्ट'च्या उंबरठ्यावरचं साधन, आणि ज्या ०.१ ला डॉक्टर ठळक म्हणतात तो त्याला एका माणसात दिसतच नाही. वर ०.२ हे विचलन गटाचं आहे. गटात तरणे आणि म्हातारे एकत्र मिसळा, विचलन वाढेल, आयसीसी आपोआप चढेल, साधन मात्र होतं तिथेच.

वडिलांना दर बैठकीत एकदा न चालवता चारदा चालवून सरासरी घेतलीत तर चालीगणिक येणारी चूक निम्मी होते. पासंग तसाच राहतो.

गोदाकाठ

एवढं डोक्यावरून गेलं की आता झोपच येईना. माझा साधा अनुभव. मुलाने पावलं मोजायचं घड्याळ दिलं. सकाळी भाकऱ्या थापताना बघते तर पावलं वाढतायत! उभी आहे चुलीपुढे आणि घड्याळ म्हणतंय चाला, चाला. उलट किराणा आणताना दोन्ही हातांत पिशव्या, तेव्हा मोजणं कमी. रात्री एकूण बघितलं तर मुलाच्या फोनमधल्या आकड्याशी मस्त जुळतं.

मांजराकाठ

काकू, तुम्ही लाखातलं सांगितलंत. मनगटाचं साधन हाताचा झोका मोजतं, पाय मोजत नाही. थापताना हात तालात हलला, धरली पावलं. पिशवी धरली, वॉकर धरला, काठी टेकली, हात पदरात गुंडाळला, की पावलं गळतात. खोटी पावलं आणि गळलेली पावलं एकमेकांना मिटवतात आणि दिवसाची बेरीज बरोबर दिसते. म्हणून दिवसाच्या बेरजेवर साधन कधी पास करू नका. पाऊल न् पाऊल ताडा. खराब रस्त्यावर एसटीत बसूनही पावलं पडतात ती वेगळीच.

पावलं मोजायला महागडं काही नको. बोटात घालायचा जपाचा काउंटर मिळतो ना देवाच्या दुकानात, तो घ्या. मागून चालत प्रत्येक पावलाला दाबा, १०० झाले की थांबा आणि घड्याळ बघा. जपानी औद्योगिक मानकात १०० पावलांमागे ३ ची चूक चालवून घेतात. जाता जाता : रोजच्या दहा हजार पावलांचा मंत्र १९६५ च्या जपानी 'मानपो-केई' या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या वैद्यकीय शोधातून नाही.

ही परीक्षा तीन वेगांनी घ्या. नेहमीच्या, भरभर आणि अगदी हळू. तरण्या माणसावर १०० पैकी ९९ पावलं दाखवणारं साधन हळू चालणाऱ्यावर सत्तरच्या घरात येताना मी पाहिलंय. वेग कमी झाला की पाऊल आपटत नाही, कंबर कमी हलते, आणि यंत्राला धक्काच जाणवत नाही. वडिलांच्या बाबतीत पाय घासत चालणं असेल तर हीच अडचण. आणि पाय जागच्या जागी खिळून नुसते थरथरतात तेव्हा उलटं, ती थरथर काही यंत्रं पावलं म्हणून मोजतात.

तेरणा

सर, मॅडम, मी धाराशिवकडची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट फोनच्या व्हिडिओवरून चाल मोजायचा आहे, मीडियापाइप (व्हिडिओतल्या माणसाचे सांधे ठिपक्यांनी दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून. कॉलेजच्या मुलांवर झकास चालतं. गावाकडे आजीवर लावलं तर गुडघा सापडतच नाही. ठिपका पातळाच्या निऱ्यांवर इकडून तिकडे उड्या मारतो. आजोबांच्या धोतरात तर कधी उजवा पाय डावा होतो. गाईड म्हणतात सगळ्यांना ट्रॅक पँट घालायला लावा. काय करू?

मांजराकाठ

बाई गं, आजीला ट्रॅक पँट घालून चालवलंस तर ती आजीची चाल उरेल का? पातळात पाऊल किती लांब टाकायचं ते निऱ्या ठरवतात. शिवाय लाजेने ती वेगळीच चालेल. लोक बघत असले की माणसं तशीही सुधारून चालतात. माझ्या खोलीत ताठ चालणारे बाबा दाराबाहेर गेले की पुन्हा वाकतात, मी खिडकीतून बघते.

नऊवारी काष्ट्याची असेल तर उलट बरं, पोटऱ्या उघड्या असतात. सहावारीत पावलं आणि घोटे तेवढे दिसतात. तेवढ्यावरच काम कर. गुडघ्याचा कोन सोड, टाच टेकली कधी आणि अंगठा उचलला कधी एवढं घे. वेग, पावलाची लांबी, ताल, सगळं त्यातून निघतं.

वाळूजवाला

@तेरणा, एक करून बघ. व्हिडिओतली दोनतीनशे चित्रं निवड, दोन जणांनी एकमेकांचं न बघता प्रत्येकात टाच कुठे आहे ते हाताने टिपा. आधी तुमचं दोघांचं एकमेकांशी जुळतं का बघा. माणसंच पाच सेंटिमीटरने भांडत असतील तर यंत्राला काय बोलणार? हे आमचं आर अँड आर, ऑपरेटरचा भाग. आणि तुमच्या अहवालात मुलांचा आणि आजीआजोबांचा आकडा वेगवेगळा लिहा. सरासरी काढून एकच लिहिलात तर तुमचंही ९८ टक्के अचूक होईल.

कॅमेरा लांब ठेव, रस्त्याला काटकोनात. जवळून घेतलं की कडेची पावलं तिरपी दिसतात आणि अलीकडच्या पायाचं पाऊल पलीकडच्यापेक्षा मोठं येतं.

तीनचाकी

परभणीकर. डाव्या पायाला लहानपणीचा पोलिओ, कॅलिपर (मापाचा नव्हे, पायाला आधार देणारा) घालून चालतो. माझा फोन माझी निम्मीच पावलं मोजतो. उजवा पाय धप्पकन पडतो तो मोजला, डावा अलगद येतो तो नाही. कधी वाटतं, सरकारने दाखला द्यायच्या आधी फोनने दिला.

मजा म्हणजे त्यातच 'पावलाची लांबी' असाही आकडा येतो आणि तो भलताच दांडगा असतो. एवढा लांब पाय टाकला असता तर कबड्डीत गेलो असतो. हे नेमकं होतं कसं?

दख्खनी_डेटा

@तीनचाकी, अंतर जीपीएसवरून घेतलं आणि पावलं निम्मी मोजली तर भागाकार दुप्पट येणारच. दोन पावलांचं अंतर तुमच्या एका पावलावर चढतं.

दुसरा रस्ताही असतो. कमरेवरचा एकच सेन्सर असेल तर पाय हा उलटा लंबक समजून, प्रत्येक पावलाला कंबर किती वरखाली झाली त्यावरून पावलाची लांबी काढतात. २००३ मध्ये झाइल्स्ट्रा आणि हॉफ यांनी हे सूत्र तपासलं, त्यात पायाची लांबी घालावी लागते आणि वर एक सुधारणेचा गुणक. निरोगी माणसासाठी तो १.२५ च्या आसपास बसला. आता तुमचे दोन पाय वेगळ्या लांबीचे, कॅलिपरमध्ये गुडघा ताठ, पाऊल पुढे नेताना तुम्ही कंबर उचलता. सूत्राला वाटतं केवढी कंबर उचलली, म्हणजे केवढं पाऊल! यंत्र बिघडलेलं नाही, सूत्रात तुम्ही नाही.

याच कारणाने सेटिंगमध्ये उंची नीट भरा. आजोबांच्या फोनमध्ये नातवाची उंची असेल तर पाऊलही नातवाचं येतं.

मांजराकाठ

@तीनचाकी, दोन्ही घोट्यांना एकेक सेन्सर लावला तर तुमची पावलं सापडतील. पायावरच्या सेन्सरचा मोठा फायदा हा की पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना त्याचा वेग शून्य असतो, हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं. त्वरणाची, म्हणजे वेगातल्या बदलाची, दोनदा बेरीज करून अंतर काढताना चूक साचत जाते, ती दर पावलाला तिथे शून्यावर आणता येते. कमरेला ही सोय नाही. मात्र पाय घासत नेणाऱ्याचं पाऊल कधी शून्यावर येतंच नाही, तिथे तीही सोय लंगडी.

बिंदुसरा

इतके दिवस नुसतं वाचायलो, आता राहवेना. मी बीडचा, मास्तरकी करतो. आमच्याकडले लोक दसरा झाला की कारखान्याला जातेत. ऊस तोडतेत, मोळी बांधतेत, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतेत. बाया पण. कमरेचं, गुडघ्याचं दुखणं घेऊन परत येतेत. त्यांची चाल कुणी मोजावी कशी? घड्याळाचा हात तर मोळीला धरलेला असतो. आणि तुमची सपाट फरशी त्या फडात कुठून आणायची? सरीत पाय, पाचटात पाय, खाली काळं रान. पाऊस झाला असला तर पायाला किलोभर माती.

मांजराकाठ

भाऊ, धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा.

डोक्यावर ओझं असलं की चालच बदलते. पूर्व आफ्रिकेतल्या, लहानपणापासून डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकांवरचा अभ्यास १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. शरीराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं त्या जास्तीची ऊर्जा न लागता नेतात, असं त्यात दिसलं. उसाची मोळी त्याच्या कितीतरी पुढची असते आणि वर फळीचा चढ. तेव्हा तो निष्कर्ष इथे लावू नका, पण ओझ्याखालची चाल ही वेगळी चाल आहे एवढं त्यातून घ्या. ओझ्याशिवाय तपासलेलं साधन ओझ्यासकट पुन्हा तपासावंच लागेल.

फडात मास्टर म्हणून बुटातला दाबाचा तळवा आणि घोट्याचा सेन्सर, दोन्ही मिळून वापरता येतात. युरोपात 'मोबिलाइज-डी' नावाचा मोठा प्रकल्प २०१९ पासून काही वर्षं चालला, पार्किन्सनपासून खुब्याच्या फ्रॅक्चरपर्यंतचे रुग्ण त्यात होते. कमरेच्या एका सेन्सरची परीक्षा त्यांनी लॅबबरोबरच लोकांच्या रोजच्या वावरातही घेतली, अडीच तास, आणि तिथे मास्टर म्हणून दाबाचे तळवे, पायावरचे सेन्सर आणि दोन पायांतलं अंतर मोजणारे सेन्सर एकत्र लावले होते. आपल्याकडे अडचण अशी की तळवा बुटात बसतो, आणि फडात बूट किती जणांच्या पायात?

बिंदुसरा

चपला असतेत, नाहीतर तसंच. बायांच्या पायात तर रबरी चप्पल.

वाळूजवाला

मास्तर, मग बांधावरून व्हिडिओ आणि घोट्याला कापडी पट्टीने बांधलेला सेन्सर, पातळाच्या काठाखाली. निदान पावलांची संख्या आणि वेळ तरी खात्रीने मिळेल. फडातून ट्रकापर्यंतचं अंतर टेपने घेता येतं, तेव्हा त्या खेपेचा सरासरी वेगही. पावलाची लांबी मात्र सरीत मोजायच्या भानगडीत पडू नये. आणि दिवसाच्या शेवटी घोट्याची पट्टी सरकून पोटरीवर गेलीय का ते बघावं, घामाने सरकतेच. सकाळी सेन्सर जिथे होता तिथे पेनाने खूण करून ठेवायची.

त्याआधी त्या लोकांना विचारायला हवं. मुकादम पावलं मोजतोय असं वाटलं तर कोण बांधून घेईल?

बिंदुसरा

हे खरं बोललात. आधी तेच विचारतील, पैसे पावलावर देणार का म्हणून.

दख्खनी_डेटा

@वाळूजवाला, एक राहिलं. वडिलांच्या चालीतली अनियमितता मोजायचा विचार असेल, म्हणजे एक पाऊल लवकर, एक उशिरा असं, तर गणित आणखी कडक होतं. निरोगी माणसाच्या दोन पावलांचा एक फेरा साधारण १.१ सेकंदाचा, त्यातला फेरागणिक फरक २-३ टक्के, म्हणजे २० ते ३० मिलिसेकंद. ३० चित्रांच्या व्हिडिओत तो एका चित्राहून लहान. साधनाची चूक त्यात मिसळून अनियमितता वाढलेलीच दिसणार, कमी कधीच नाही. शिवाय सहा मीटरात फेरे मिळतात जेमतेम पाचसहा. अशा आकड्याला काही अर्थ नाही, लांब चाल हवी.

वाळूजवाला

मान्य. अनियमितता सध्या वहीतून काढली. पहिल्या टप्प्यात फक्त वेग : सहा मीटर, स्लो मोशनचा व्हिडिओ मास्टर, ॲप आणि घड्याळ परीक्षेला. गोळीनंतर ठरलेल्या वेळी, दर बैठकीत चार चाली. वजाबाक्या जमल्या की रेघांसकट इथेच टाकतो. ॲपचं नाव टाकणार नाही, विचारू नका.

तेरणा

सर, आम्हीपण दोन्ही गटांचे आकडे वेगळे करतोय. गाईडना अजून सांगितलं नाही. फक्त आमच्याकडे कॉलेजात पोलादी टेप नाही, सर्व्हेच्या लॅबमधली आहे ती फायबरची, आणि सुरुवातीचे १२ सेंटिमीटर तुटलेत.

निवृत्त_मोजणीदार

१२ सेंटिमीटर तुटलेली टेप असली तरी चालते, २० पासून मोजायचं आणि वजा करायचं. हे शिकवत नाहीत का आता? फायबरची ताणते हा मुद्दा वेगळा.

माझ्याकडे ३० मीटरची पोलादी पडून आहे. तुळजापूरला असतो, तुला लांब नाही. रविवारी सकाळी ये, दर्शनाची गर्दी व्हायच्या आत. वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात फिरवायचा आणि मगच गुंडाळायची. तशीच ओली आणलीस तर पुढच्या वर्षीच्या पोरांना देणार नाही.